रॉकेल, खडू आणि पुढचा ॲक्सल

काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या कडेला टायरवाले, वेल्डिंगवाले, पाटेवाले आणि मध्येच एखादी भंगाराची वखार लागते. अशाच एका वखारीत मी शेजारच्या एका तरुणाबरोबर उभा होतो. त्याने स्वतःच्या हाताने हॉट रॉड बांधायला घेतली आहे. चेसिसचे चॅनल कापून झाले होते, इंजिन ठरलं होतं. गाडं अडलं होतं पुढच्या ॲक्सलपाशी. भिंतीला दोन ॲक्सल टेकवलेले होते, दोन्ही जुन्या टू-व्हील ड्राइव्ह जीपचे. एकाला ताजा काळा रंग फासलेला. नुसता दांडा, बाकी अंगावर काही नाही. दुसरा गंजाने तांबूस, वाळलेल्या ग्रीसने आणि चिखलाने माखलेला. पण हब, ड्रम, टाय रॉड सगळं जागच्या जागी. मुलाचा हात आपसूक काळ्याकडे गेला. "काका, हा बघा ना, किती स्वच्छ आहे. नेला की लगेच बसवता येईल."

मी त्याला दुसऱ्याकडे वळवलं. जुन्या ॲक्सलचे काही दोष नंतर दुरुस्त होतात आणि काही कधीच होत नाहीत. गंज, घाण, झिजलेले बुश, गेलेलं बेअरिंग हे सगळं दुरुस्त होतं. तडा, वाक, पीळ आणि न जुळणारी रुंदी यांना घरच्या गॅरेजात इलाज नाही. निवड करायची ती या दुसऱ्या यादीवरून. रंग नेमकी हीच यादी झाकतो, म्हणून रंगवलेला ॲक्सल समोर आला की आधी सावध व्हायचं.

हॉट रॉड कुठून आली

हॉट रॉड म्हणजे जुनी, हलकी गाडी घेऊन तिचं अनावश्यक अंग उतरवायचं, ताकदवान इंजिन बसवायचं आणि पुढून ती जमिनीलगत झुकवायची. ही हौस अमेरिकेत कॅलिफोर्नियात रुजली. तिथल्या म्युरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर तरुण मुलं आपापल्या गाड्यांचा वेग मोजत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं. त्यांची आवडती गाडी होती १९३२ ची फोर्ड. त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं होतं. या गाडीचा पुढचा ॲक्सल म्हणजे घडीव पोलादाचा एक अखंड दांडा. मडगार्ड काढल्यावर तो समोरून उघडा दिसतो, म्हणून हॉट रॉडच्या जगात पुढच्या ॲक्सलला गाडीच्या चेहऱ्याचा मान आहे.

आपल्याकडेही ही मोटारविद्या तेव्हाच पोचली होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. पण आज त्या काळातली फोर्ड किंवा शेव्हरोले कुणाला सापडलीच, तर तिचे तुकडे करून हॉट रॉड बांधू नये, असं मला मनापासून वाटतं. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी मूळ रूपात जपणंच योग्य. हॉट रॉड भंगारातल्या सुट्या भागांतून बांधावी.

पैसे मोजण्याआधी कायदाही नीट समजून घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. घरी बांधलेली हॉट रॉड घेऊन मीरा-भाईंदर रोडवर हिंडता येणार नाही. ती प्रदर्शनात, खासगी आवारात किंवा परवानगी घेतलेल्या बंद ट्रॅकवरच चालवायची. पण म्हणून ॲक्सलच्या निवडीत ढिलाई चालत नाही. बंद ट्रॅकवरही पुढचं चाक निखळलं तर चालवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

इथे मिळतं काय

मीरा-भाईंदरच्या माणसाला जुन्या सुट्या भागांसाठी दोन-तीन वाटा आहेत: काशीमिऱ्याच्या आसपासच्या वखारी, कुर्ल्याचा जुन्या स्पेअर पार्टचा बाजार आणि चोर बाजार. आता यांत एक नवी भर पडली आहे. २०२१ च्या स्क्रॅपिंग नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रं निघाली आहेत. भाग कुठूनही घेतला तरी पावती घ्यावी. चोरीच्या गाडीचा भाग नकळत आपल्या घरात येऊ नये, एवढी काळजी आपलीच.

पण या बाजारात शिरण्याआधी कोणत्या गाडीखाली अखंड ॲक्सल असतो हे ठाऊक हवं. आपल्या ओळखीच्या जुन्या मोटारींखाली तो सापडत नाही. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात तयार व्हायची आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. तिची पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र उसळतात. अँबेसिडरही तशीच, तिला पुढे टॉर्शन बार. दोन्ही गाड्यांत एका चाकाला दुसऱ्याशी जोडणारा दांडाच नाही. कुर्ल्यात कुणी "फिएटचा पुढचा ॲक्सल" म्हणून काही दाखवलं तर ते क्रॉसमेंबर आणि आर्म यांचं जोडकाम असतं. गाडी म्हणून ते वाईट नाही, पण हॉट रॉडच्या रूपाला आणि साध्या बांधणीला उपयोगाचं नाही.

दुसऱ्या टोकाला ट्रक. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ चा पुढचा ॲक्सल घडीव आय-बीमचा. मजबुतीत उत्तम, आणि मिळतोही सहज. पण तो भरलेल्या गाडीचं काही टन वजन पेलण्यासाठी घडवलेला आहे. आपली हॉट रॉड जेमतेम एक टनाची. स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यावरून उडाल्यावर परत रस्त्याला टेकायला वेळ घेतं, आणि चाक हवेत असेपर्यंत स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी. हलक्या गाडीला जड ॲक्सल लावला की गाडी मजबूत होते असं वाटतं, प्रत्यक्षात ती बेभरवशाची होते.

मधली वाट जीपची, आणि ती तर आपल्या दाराशीच आहे. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. १९४९ पासून तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कांदिवलीत कारखाना उभा राहिला. मीरा रोडहून कांदिवली लोकलने तिसरं स्टेशन. जीपचे भाग, ते ओळखणारे मिस्त्री आणि लेथवर बुश काढून देणारे हात या पट्ट्यात अजून सापडतात.

जीपमध्येही दोन जाती. फोर-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा गोळा असतो, आत शाफ्ट आणि जॉइंट असतात. मागच्या चाकांनी पळणाऱ्या हॉट रॉडला हे सगळं ओझं. शिवाय तो गोळा बऱ्याचदा इंजिनच्या तेलाच्या डब्याला आडवा येतो. टू-व्हील ड्राइव्ह जीपचा साधा ॲक्सल मिळाला तर शोध तिथेच थांबवावा.

माप

बाजारात जाताना खिशात टेप, दोरी आणि वही हवी. पहिलं माप एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंतचं. युद्धकाळातल्या विलीज जीपचं हे अंतर जेमतेम ४९ इंच होतं, तर १९३२ च्या फोर्डचं ५५-५६ इंचांच्या आसपास. नंतरच्या काही जीप जुन्यांपेक्षा रुंद. "जीपचा आहे" एवढ्यावर विसंबलं तर चाक एक तर चेसिसला घासेल, नाही तर बॉडीबाहेर भलतंच डोकावेल.

दुसरं माप दोन पाट्यांच्या बैठकांमधलं. जीपला पुढे दोन लांबट पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, असतात, चेसिसला समांतर. पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असल्याने गाडी आधीच थोडी खाली बसते, हा हॉट रॉडला मिळालेला फुकटचा लाभ. जुन्या फोर्डमध्ये याउलट एकच आडवा पाटा, दोन टोकांना शॅकलने लटकवलेला. तो ॲक्सलला पुढे-मागे सरकू देतो, म्हणून त्याला रेडियस रॉडची जोड लागते. आपल्या चेसिसच्या चॅनलमधलं अंतर आणि ॲक्सलवरच्या बैठकांमधलं अंतर जुळलं तर अर्धं काम झालं.

तिसरं माप चाकाच्या नटांचं. जुन्या विलीज जीपला ५ स्टड, साडेपाच इंचांच्या म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. त्या काळच्या फोर्डचंही माप हेच. पाच स्टड असले की समोरासमोर स्टड येत नाही, मग वर्तुळ मोजायचं कसं? शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ते ८२ मिलिमीटर भरलं तर वर्तुळ १३९.७ चं.

चौथी गोष्ट मोजायची नाही, बघायची. स्टेअरिंगचा आर्म कोणत्या बाजूला आहे? युद्धकाळातल्या जीप डाव्या हाताच्या होत्या, इथे बनलेल्या बऱ्याच उजव्या हाताच्या. आपल्या स्टेअरिंग बॉक्सच्या बाजूलाच आर्म असेल तर ड्रॅग लिंक सरळ बसते. नसेल तर आर्म तापवून वाकवायचा मोह होतो. तो टाळायचा. स्टेअरिंगच्या कोणत्याही भागाला गॅसची ज्योत लावायची नाही.

दांडा की नळी

ॲक्सलवर दोन प्रकारचा ताण येतो. गाडीचं वजन पाट्यांवाटे त्याला खाली दाबतं आणि चाकं टोकांना वर ढकलतात. त्यामुळे तो वाकू पाहतो. ब्रेक दाबला की ड्रम ॲक्सलच्या टोकाला पुढे फिरवू पाहतो. त्यामुळे तो पिळला जातो. आय-बीमच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या वाकण्याला विरोध करतात. पिळाला मात्र तो थोडा नमतो. गोल नळीचा ॲक्सल वजनाला हलका आणि पिळाला कणखर.

मग नळी चांगली की आय-बीम? ॲक्सल गाडीला कसा बांधणार, यावर ते अवलंबून आहे. दोन्ही बाजूंनी एकेक रेडियस रॉड ॲक्सलला घट्ट जखडून मागे चेसिसला नेला, तर एक चाक उंचवट्यावर चढताच ॲक्सलला पीळ बसतोच. आय-बीम तो पचवतो. नळी पचवत नाही, मग ताण बोल्टवर आणि वेल्डिंगवर जातो आणि एके दिवशी तिथे तडा जातो. फोर्डनेही १९३७ पासून आपल्या लहान व्ही-८ गाडीला नळीचा ॲक्सल दिला होता. हॉट रॉडवाल्यांनी त्याची जोडणी बदलली तेव्हाच हा धडा मिळाला. नळी घ्यायची तर प्रत्येक बाजूला दोन समांतर दांड्या द्याव्यात, किंवा साधे लांब पाटे ठेवावेत.

हॉट रॉडला पुढून खाली आणण्यासाठी अमेरिकेत ॲक्सलची टोकं तापवून वर ओढत. त्यासाठी भट्टी, साचे आणि वर्षानुवर्षांचा हात लागतो. घडीव पोलादाला घडवताना आणि नंतर तापवून थंड करताना मजबुती आलेली असते. रस्त्याकडेच्या गॅसकटरवर तापवून वाकवलेला दांडा दिसायला तसाच राहतो, आतून मात्र तो तसा राहत नाही. उंची कमी करायची असेल तर पाटे कमी करा किंवा पाटेवाल्याकडून त्यांची कमान उतरवून घ्या. ॲक्सलला हात लावू नका.

कोन

सायकलचा फॉर्क पुढे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीत हेच काम किंगपिन, म्हणजे ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो पिन, करतो. त्याचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, त्याला कॅस्टर म्हणतात. युद्धकाळातल्या जीपला तो ३ अंश होता. समोरून पाहिलं तर किंगपिनची वरची टोकं आत झुकलेली दिसतात. जीपमध्ये साडेसात अंश. चाकही वरून किंचित बाहेर कललेलं, त्याला कॅम्बर म्हणतात.

यातला कॅस्टर आपल्या हातात आहे. पाट्याच्या बैठकीत पाचर घालून तो कमी-जास्त करता येतो. किंगपिनचा आतला झुकाव मात्र दांड्यातच घडवलेला असतो, तो बदलत नाही. म्हणून मोजायचा तो हाच. दोन सरळ सळ्या किंगपिनच्या भोकांत उभ्या घाला. समोरून दोन्हींचा कल सारखा हवा. मग एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटून बघा: जवळच्या सळीमागे लांबची सळी पूर्ण लपली पाहिजे. ती बाजूला डोकावली तर ॲक्सल पिळलेला आहे. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणा आणि दोन्ही बैठकांपासून तिचं अंतर मोजा. फरक पडला तर दांडा वाकलेला. भिंतीला धडकलेल्या किंवा खड्ड्यात आदळलेल्या गाडीची हकीकत या दोरीवर उमटते.

टाय रॉडचे आर्मही तिरके असतात, आणि तेही हिशेबाने. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवावं लागतं. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गरने ही युक्ती घोडागाडीसाठी काढली आणि १८१८ साली अकरमनने इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. किंगपिनपासून टाय रॉडच्या टोकापर्यंतची रेघ मागे वाढवली तर दोन्ही रेघा मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ मिळाव्यात. जागा नाही म्हणून कुणी आर्म उलटे करून टाय रॉड ॲक्सलच्या पुढे आणतं, तेव्हा हा हिशेब उलटतो आणि वळताना टायर फरफटत जातो.

गंज आणि तडा

भाईंदरला मिठागरं आणि खाडी आहे. खाऱ्या हवेत पोलादावर गंज लवकर चढतो, म्हणून इथल्या वखारीतला प्रत्येक ॲक्सल तांबूस दिसणार. वायर ब्रशने घासल्यावर खाली सपाट धातू लागला तर तो गंज निव्वळ वरवरचा. घासल्यावर देवीच्या व्रणांसारखे खळगे दिसले, आणि तेही किंगपिनच्या डोळ्याजवळ किंवा पाट्याच्या बैठकीच्या कडेला, तर तो ॲक्सल सोडून द्यावा. तडा अशाच खळग्यातून सुरू होतो.

किंगपिनचं भोक खास बघायचं. चाक ज्यावर बसतं त्या स्टब ॲक्सलमधले बुश नवे मिळतात, किंगपिनही मिळतो. पण दांड्यातलं भोक लंबगोल झालं असेल तर नवा पिनही त्यात हलणार. नवा पिन हाताने दाबून बसवून बघा. घट्ट, किंचित अडत सरकला पाहिजे.

तडा शोधायची जुनी पद्धत मला फार आवडते, कारण ती कुणालाही करता येते. रेल्वेच्या जगात एकेकाळी आस तपासायला हीच वापरत. भाग वायर ब्रशने आणि स्पिरिटने लख्ख करायचा. मग त्यावर रॉकेल लावून अर्धा तास ठेवायचं. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलही चालतं. नंतर कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्यायचा. स्पिरिट उडून गेलं की पांढरा थर उरतो. केसाएवढ्या तड्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटवतं. एखाद्या वर्कशॉपमध्ये लाल रंगाची पेनिट्रंट चाचणी किंवा चुंबकीय चाचणी करून मिळाली तर ती अधिक भरवशाची. गाडीवर बसवण्याआधी ती करून घ्यावीच. वखारीत पसंती-नापसंती ठरवायला खडू पुरतो.

ॲक्सल त्याच्या गोतावळ्यासकट घ्या

त्या गंजक्या ॲक्सलचं मोल आणखी एका गोष्टीत होतं. त्याच्याबरोबर स्टब ॲक्सल, हब, ड्रम, ब्रेक प्लेट, स्टेअरिंग आर्म, टाय रॉड, यू-बोल्ट सगळं होतं. नुसता दांडा स्वस्त वाटतो. पण पुढे एकेक भाग शोधताना वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या मॉडेलांचे तुकडे जमा होतात. बेअरिंगचं माप एका गाडीचं, ड्रम दुसऱ्या गाडीचा. एकाच गाडीवर वर्षानुवर्षं एकत्र फिरलेले भाग एकमेकांत बसतात याची खात्री आधीच झालेली असते. झिजले असतील तर प्रत्येकाच्या जागी काय आणायचं हे नमुना हातात धरून विचारता येतं. फाटके रबरी बूट, सुकलेलं ग्रीस, जाम झालेला किंगपिन यांची धास्ती घ्यायची नाही. जाम पिन तेलात चार दिवस भिजवून प्रेसवर काढावा.

त्या दिवशी वखारीच्या मालकांनी आम्हाला दोन्ही ॲक्सल तपासू दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गंजका आम्ही दोरीने आणि सळ्यांनी तपासला: दोरी दोन्हीकडे सारखी, सळी सळीमागे लपलेली. काळ्याचा रंग मुलाने स्वतः पाट्याच्या बैठकीजवळ कानशीने खरवडला. खाली वेल्डिंगचा घासून सपाट केलेला पट्टा निघाला. तिथे डिझेल लावलं, चहा घेऊन आलो, पुसलं, खडूचा लेप दिला. काही मिनिटांत वेल्डिंगच्या कडेने बोटभर लांबीची बारीक काळी रेघ उमटली. मुलाला पटेना. त्याने ती पुसली, पुन्हा लेप दिला. रेघ पुन्हा त्याच जागी आली.

तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग मालकांकडे जाऊन म्हणाला, "चाचा, हा ॲक्सल म्हणून कुणाला विकू नका. पुढच्याला कळणार नाही." त्यांनी वाकून रेघ पाहिली, कामगाराला हाक मारली आणि तो काळा दांडा कटिंगच्या ढिगात टाकायला सांगितला. गॅसकटर पेटला, दांड्याचे दोन तुकडे झाले, तेव्हाच आम्ही गंजका ॲक्सल टेम्पोत चढवला.